एकशे नववी पिंडी

कल्पना करा, सकाळचे साडेपाच वाजले आहेत आणि तुमच्यासमोर परातीत चार किलो माती आहे. चाळलेली, रात्रभर भिजलेली, मळून लोण्यासारखी केलेली. नऊच्या आत तिच्या एकशे आठ पिंड्या व्हायला हव्यात. लिंबाएवढा गोळा घ्यायचा, तळहातावर दाबून बैठक करायची, वरची माती दोन बोटं आणि अंगठा यांच्यात फिरवत उंच न्यायची, एका बाजूला पाणी जायला पन्हळ काढायची. बोटं ओली असली तर पिंडी बसते, कोरडी असली तर चिरते, म्हणून मधूनमधून तुपाचं बोट. एकीला दीड मिनिट मिळतं. पन्नासाव्या पिंडीच्या सुमाराला अंगठ्याच्या बुडात कळ सुरू होते, ऐंशीच्या पुढे ती मनगटात जाते. शंभराच्या पुढे आकार हाताला आपोआप येतो आणि तुम्हाला कशाचंच काही वाटत नाही.

नऊ वाजता पूजा. बारा वाजता सगळ्या पिंड्या कालव्यात. संध्याकाळी तुम्ही पुन्हा माती चाळायला बसता, कारण उद्या पुन्हा एकशे आठ हव्यात. हे श्रावणभर करायचं. आणि असे पंचेचाळीस श्रावण.

देवळाली प्रवरात कालव्याच्या अलीकडे राहणाऱ्या अंबिकाकाकूंनी एवढे केले आहेत. लग्नापासून आजपर्यंत मधला एकच श्रावण सुटला, आणि ही गोष्ट त्या सुटलेल्या श्रावणामुळेच आहे.

मी माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत काम करतो आणि काकूंच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहतो. त्यामुळे माझी उत्सुकता आधी मातीबद्दल होती. आमच्याकडची काळी माती भिजली की फुगते आणि सुकताना इतकी आकसते की पिंडी तासाभरात तडकायला हवी. काकूंची तडकत नाही. त्या दोन भाग कालव्यातला गाळ, एक भाग काळी माती आणि मूठभर चाळलेली राख घेतात. मी तीन वर्षं त्यांच्या परातीतला नमुना नेऊन तपासला. तिन्ही वर्षी प्रमाण जवळजवळ तेच निघालं. काकू वजनकाटा वापरत नाहीत. हे मी त्यांना मोठ्या कौतुकानं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "बरं झालं. आता तो झारा दे इकडे."

काकू सदुसष्ट वर्षांच्या आहेत. त्यांचे यजमान विष्णुपंत चौऱ्याहत्तर. पंत इथल्या हायस्कूलच्या ऑफिसात कारकून होते. घराण्याची भिक्षुकी त्यांनी नोकरीमुळे सोडली, फक्त श्रावणातली ही पार्थिव पूजा धरून ठेवली. पार्थिव म्हणजे मातीची. मातीची पिंडी करायची, तिच्यावर अक्षता टाकून देवाला तिच्यात बोलवायचं, पूजा करायची आणि त्याच दिवशी निरोप देऊन पाण्यात सोडायची. निरोपाच्या अक्षता घरी टाकायच्या नाहीत, पाण्याच्या काठावरच टाकायच्या, ही त्यांच्या घराण्याची पद्धत. पूजा करवून घ्यायला दर दिवशी वेगळा यजमान येतो. कुणी बागायतदार, कुणी दुकानदार, कुणी नुकतं लग्न झालेलं जोडपं.

शिवाय एकादशीला संध्याकाळी पंत विठ्ठलाच्या देवळात बसून दहा-बारा लोकांना वेदांत सांगतात. चांगला सांगतात. मडकं फुटलं तर काय गेलं, असं विचारतात. माती होती तेवढीच आहे. मडकं हे मातीला काही दिवस पडलेलं नाव. जे काल नव्हतं आणि उद्या नसेल, ते आज दिसलं तरी त्याला खरं कसं म्हणायचं? काकू खांबाला टेकून ऐकत असतात, एका हातानं दुसऱ्या हाताचा अंगठा दाबत.

यंदा आषाढात तो अंगठा इतका सुजला की पंत त्यांना राहुरीला हाडांच्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथे नर्सनं केसपेपर भरायला घेतला. नाव, वय, शुगर, बीपी, आधीचं ऑपरेशन.

"मुलं किती?"

"एकच," पंत म्हणाले. "मुलगी आहे. स्नेहल. पुण्यात असते."

"बाळंतपणं पण एकच ना, आजी?"

काकूंनी तोंड उघडलं होतं.

"एकच," पंतच म्हणाले.

डॉक्टरांनी फोटो पाहून सांगितलं की अंगठ्याच्या बुडाचा सांधा झिजला आहे, पट्टा बांधा, हाताला आराम द्या, महिन्यानं परत या. "एवढं कसलं काम करता, आजी?"

"मातीचं."

"शेती?"

"नाही. देव करते."

डॉक्टर हसले. काकूही थोड्या हसल्या. परत येताना जीपमध्ये उसाच्या शेतांकडे बघत त्या म्हणाल्या, "दोन सांगायला काय झालं होतं?"

"अगं, त्यांना हाडांचं विचारायचं होतं."

"दोन सांगितलं असतं तर हाड जास्त दुखलं असतं का?"

पंतांनी काच थोडी खाली केली. मग पुन्हा वर केली.

पहिला मुलगा होता. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी श्रावणात झाला आणि नऊ दिवसांचा होऊन गेला. बारसं बाराव्या दिवशी व्हायचं होतं, त्यामुळे नावही नव्हतं. काकूंनी एक नाव मनात धरलं होतं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आजही सांगत नाहीत. एवढ्या लहान बाळाला अग्नी देत नाहीत, पुरतात. दहावं नाही, बारावं नाही, श्राद्ध नाही. पंत आणि त्यांचे वडील कालव्यापलीकडे जाऊन पुरून आले. तिथे आता प्लॉटिंग झालं आहे. शेजारून आणलेला पाळणा परत गेला. काकूंना दूध मात्र पुढे पंधरा दिवस येत होतं. सासूबाई रोज सकाळी छातीला धोतराचं फडकं घट्ट बांधायच्या आणि संध्याकाळी ते भिजलेलं असायचं.

पंत तेव्हा तिशीचे. बायकोला काय सांगावं ते त्यांना कळलं नसणार. ते म्हणाले, "अंबिका, स्वप्न पडलं होतं असं समज. जाग आल्यावर स्वप्नातल्या माणसासाठी कुणी रडत नाही."

काकूंनी रडणं बंद केलं. त्यानंतर घरात त्याचा विषय निघाला नाही. चार वर्षांनी स्नेहल झाली. तेव्हापासून कुणी मुलं किती असं विचारलं की पंत एक म्हणतात आणि काकू मनात दोन म्हणतात. जनगणनेला आलेल्या शिक्षकापुढे, रेशनच्या अर्जावर, स्नेहलच्या लग्नात व्याह्यांपुढे. नातीला, अनन्यालाही हे माहीत नाही. काकू मला म्हणाल्या, "मला काही नको रे. यांनी एकदा कुणासमोर तरी दोन म्हणावं. मग मी सुटले."

गाळ आणून देतात ते सहादेवराव. पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. कुणाच्या शेताला किती वेळ पाणी सोडायचं, कुठलं गेट उचलायचं, हे चौतीस वर्षं त्यांनी पाहिलं. कालव्याला ते पाट म्हणतात आणि अजूनही माझा पाट म्हणतात. पलीकडच्या वस्तीवर राहतात, पौर्णिमेला न चुकता विहारात जातात आणि तिथे ऐकलेलं दुसऱ्या दिवशी पंतांशी भांडायला घेऊन येतात. श्रावणाच्या आधी त्यांनी खताच्या गोणीत गाळ भरून आणला आणि ओट्यावर टाकला.

"वैनी, ह्यो घ्या. मागच्या साली सोडल्याला देव."

"सहादेवराव, तो गाळ आहे," पंत म्हणाले.

"आता हाय. आधी देव हुता. माझ्या गेटापाशी तुमचे किती देव साचून बसत्यात, इचारा आमच्या सायबाला. दर साली फावड्यानं काढाय लागत्यात."

"आकार गेला, माती राहिली. मी तरी दुसरं काय सांगतो? माती खरी. देवाचा आकार हे नाव आणि रूप. आलं आणि गेलं."

"आन् माती? ती काय हितं बसून हुती? डोंगरावरनं आली, आधी दगुड हुती. तुमी जिला खरी म्हंता ती बी वाटंनंच चाललीय."

"मग तिच्याही मागे जा. मागे मागे जाऊन जे उरतं, तिन्ही काळांत जे बदलत नाही, ते सत्य. बाकी मिथ्या."

सहादेवरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. हे त्यांचं भांडणाला बसणं. "आमच्यात उलटं हाय, पंत. भन्तेजी आल्ते, त्यांनी सांगितलं. जे काम करतं त्ये हाय. बी उगवतं, इस्तू भाजतो, पानी भिजवतं. आन् काम करायचं म्हंजी बदलावं लागतं. जे कदीच बदलत न्हाई त्ये काम काय करनार? आमच्या सायबावानी खुर्चीत बसून ऱ्हानार."

आत काकू हसल्या. पंतांनाही हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. "आणि तुमच्यातच शून्यही म्हणतात ना? काहीच नाही म्हणून?"

"शून्य म्हंजी न्हाई न्हवं. हितंच समदे गंडत्यात. आता पाट बघा. पानी म्हंजी पाट का? न्हाई. बांध म्हंजी पाट का? न्हाई. गेट? न्हाई. सुटं सुटं काढत गेलं तर पाट काय घावत न्हाई. पन पानी सुटलं की ऊस भिजतोच का न्हाई? एकट्याच्या जिवावर कायबी उभं न्हाई, येवढंच म्हननं हाय."

"यात भांडण कुठे आहे?" पंत म्हणाले. "मिथ्या म्हणजे तरी खोटं थोडंच? सशाचं शिंग हे खोटं. ते कधी कुणाला दिसलं नाही, दिसणार नाही. मडकं दिसतं, पाणी धरतं. म्हणून त्याला नाही म्हणता येत नाही. आणि फुटतं, म्हणून कायमचं आहे असंही म्हणता येत नाही."

काकू चहा घेऊन दारात आल्या होत्या. "म्हणजे मडकं आणि सशाचं शिंग एक नव्हे?"

"छे! जमीन-अस्मानाचा फरक."

"बरं," असं म्हणून काकूंनी कप ठेवले. पट्ट्यामुळे बशी कलली आणि चहा थोडा सांडला.

श्रावण लागला. स्नेहल फोनवर म्हणायची, "आई, यंदा नको ना. बाजारात साचे मिळतात." पंत म्हणायचे, साच्यातली पिंडी चालत नाही, हाताची हवी. काकू पट्टा काढून बसायच्या. रोज त्या एकशे आठच्या वर एक करतात, कारण ऐन वेळी एखादी चिरतेच. एकशे नववी चौरंगाच्या कडेला समईच्या मागे असते. लागली तर घ्यायची, नाहीतर पूजा सुरू होण्याआधी उचलून परत मातीत घालायची. उचलण्याचं काम काकूंचं.

दुसऱ्या सोमवारी यजमान होते राधाकृष्ण आणि त्यांची बायको मालनबाई. ऊस, गाई, मोठं खटलं. त्यांच्याबरोबर चौदा माणसं आली. त्यांचा चहा, पोरांचं दूध, मालनबाईंना उपासाचं काय चालतं आणि काय नाही, या सगळ्यात एकशे नववी समईमागे राहिली. पंतांनी सगळ्यांवर अक्षता टाकल्या आणि देवाला बोलावलं. बाराला राधाकृष्णांनी मोजून एकशे आठ पिंड्या परातीत घेतल्या आणि सगळे कालव्यावर गेले.

तीनच्या सुमाराला फरशी पुसताना काकूंना ती दिसली. डोक्यावर दोन अक्षता चिकटलेल्या, अर्धं बेलाचं पान. चुकून राहिली, की आधी दिसली होती आणि तरी उचलली नाही, हे मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "आता आठवत नाही." आणि मला गच्चीवरचे कपडे काढायला पाठवलं.

त्यांनी ती स्वयंपाकघरात फळीवर, चहाच्या डब्यामागे ठेवली. रोज सकाळी चहाचा डबा काढताना दिसायची. वाळून फिकी झाली, पण चिरली नाही.

पुढच्या आठवड्यात काकूंचा हात फारच दुखू लागला, तेव्हा दुपारचा चहा पंत करू लागले. मंगळवारी त्यांनी डबा काढला आणि तिथेच थांबले.

"अंबिका, ही इथे कशी?"

काकू खाली बसून हाताला गरम पाण्याची पिशवी लावत होत्या. "राहिली होती."

"हिच्यावर अक्षता आहेत. ही पूजेतली आहे. कधीची?"

"राधाकृष्णांच्या सोमवारची."

पंत स्टुलावर बसले. "अगं, आवाहन झालंय हिच्यात. विसर्जन नाही. अशी ठेवतात? चहाच्या डब्यामागे? बोलावलेल्याला निरोप दिल्याशिवाय…"

"काय होतं?"

"तो इथेच राहतो."

"कोण?"

"देव! आणखी कोण?"

"माती आहे ती," काकू म्हणाल्या. "आकार नुसता नावाला. एकादशीला तुम्हीच सांगितलंत."

"ते परमार्थात. व्यवहारात निरोप होईपर्यंत ती खरी. निरांजन ओवाळतो ते काय खोट्याला ओवाळतो का?"

"किती दिवस खरी?"

"जितके दिवस आहे तितके दिवस."

"आज नववा दिवस आहे," काकू म्हणाल्या.

पंतांच्या हातात साखरेचा चमचा होता. तो तसाच राहिला.

"म्हणून विचारते. तो मडकं होता की सशाचं शिंग?"

गॅसवर चहा उतू गेला. कुणी उठलं नाही. काकूंनी पिशवी एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतली आणि मग हळूच, जणू वाण्याकडून काय आणायचं ते सांगत असल्यासारख्या, बोलत राहिल्या. "स्वप्न म्हणालात तुम्ही. स्वप्नातल्या पोराचं दूध जागेपणी पंधरा दिवस येतं का? सहादेवभाऊजी म्हणतात, जे काम करतं ते असतं. नऊ दिवसांच्या पोरानं माझ्याकडून चव्वेचाळीस वर्षं काम करून घेतलंय. मी भांडत नाहीये. भांडायला मला आता जोर नाही. तुमचा वेदांत मला मान्य आहे, सगळा मान्य आहे. मला फक्त एवढं सांगा, आपल्याला मुलं किती झाली?"

पंतांनी गॅस बंद केला. फडक्यानं शेगडी पुसली. मग म्हणाले, "आधी हिचं विसर्जन करू."

दोघं कालव्यावर गेले. मी कामावरून येत होतो, त्यांना पाहून मागे गेलो. कालवा कोरडा होता. पाणी सोडायची पाळी, म्हणजे आवर्तन, संपून दोन दिवस झाले होते, आणि कालच्या आणि आजच्या पिंड्या उरलेल्या पाण्यात अर्ध्यामुर्ध्या विरघळून कडेला पडल्या होत्या. पुलावर सहादेवराव बसले होते.

"पंत, पानी न्हाई. आता पंधरा दिस तरी न्हाई."

पंतांच्या हातात ताम्हण, त्यात एकच पिंडी. सहादेवरावांनी ती पाहिली, काकूंकडे पाहिलं, आणि थट्टा करायचं टाळलं. "गेटापाशी ढोपरभर हाय. या. धरतो मी."

चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस धोतर खोचून कालव्याच्या उतारावरून खाली गेला. सहादेवरावांनी त्यांचा दंड धरला होता. पाणी हिरवं होतं, कडेला प्लॅस्टिकच्या पिशव्या. पंतांनी अक्षता टाकल्या आणि निरोपाचे शब्द म्हटले. त्यांचा अर्थ सोपा आहे: आता जा, आणि पुन्हा येण्यासाठी जा. एरवी ते हे शब्द भरभर म्हणतात, कारण मागे यजमानांची पोरं ऊन लागतं म्हणून कुरकुरत असतात. त्या दिवशी एकेक शब्द सुटा ऐकू आला.

पण पिंडी त्यांनी सोडली नाही. हातात धरून उभे राहिले.

"सोडा की," सहादेवराव म्हणाले. "गाळात पाय रुतंल."

"त्याला ठेवलं तेव्हा मी काहीच म्हटलं नव्हतं," पंत म्हणाले. सहादेवरावांना नाही, वर काठावर बसलेल्या काकूंना. "वडील म्हणाले, एवढ्याला मंत्र नसतात. नियमच तसा आहे. मी नुसती माती लोटली."

थोड्या वेळानं पंतांनी हात पाण्यात घातला. नऊ दिवस वाळलेली पिंडी लगेच विरघळत नाही. आधी तिच्यातून बुडबुडे येतात. आम्ही चौघांनी ते बुडबुडे थांबेपर्यंत पाहिले. सहादेवराव पंतांना वर ओढून काढत म्हणाले, "फुडच्या साली हीच आनून देतो, वैनी. वळखली तर सांगा."

दुसऱ्या दिवशी पहाटे काकू नेहमीसारख्या मातीला बसल्या. पंत येऊन शेजारी बसले आणि त्यांनीही एक गोळा घेतला. त्यांच्या पिंड्या बसक्या होत होत्या. काकू त्या उचलून, मोडून, परत मातीत टाकत होत्या. दीड तासात पंतांच्या चारच धरल्या गेल्या.

श्रावण संपल्यावर राहुरीची तारीख होती. नर्स तीच. तिनं जुना केसपेपर पुढे घेतला, बीपी लिहिलं. "आराम केला का, आजी? नाही ना? दिसतंय." मग ती कागद उलटायला लागली.

"ताई, त्यात एक चूक आहे," पंत म्हणाले. "मुलं एक लिहिलंय. दोन करा."

"दोन?" तिनं वर पाहिलं.

"पहिला मुलगा. नऊ दिवसांचा होऊन गेला. दुसरी मुलगी."

नर्सनं एकचा आकडा खोडून दोन लिहिला आणि पुढे कंसात, हयात एक. तिला अर्ध्या मिनिटाचं काम. तिच्यामागे बाकावर गुडघे धरून सात-आठ माणसं बसली होती. काकू त्या पेनाकडे बघत होत्या. मग त्यांनी हात पुढे केला, पट्टा सैल झाला होता तो घट्ट करायला.

सुटले असं त्यांना वाटेल, असं मला वाटलं होतं. मी तसं विचारलंही. त्या निवडायला घेतलेली मेथी बाजूला सारून म्हणाल्या, "हलकं वाटलं. पण मग दुसरंच सुरू झालं." परत येताना जीपमध्ये त्यांना एक शंका आली होती, ती त्यांनी पंतांना विचारली. पंत म्हणाले, घरी गेल्यावर बोलू. आठवड्यानं पुन्हा विचारलं तर म्हणाले, बघतो, कुठे काही सांगितलंय का. तेव्हापासून त्यांच्या पोथ्या कपाटातून बाहेर आहेत आणि एकादशीचा वेदांत दोनदा झालेला नाही. सहादेवरावांना विचारलं तर ते टोपी गुडघ्यावर न ठेवताच उठले आणि म्हणाले, भन्तेजी आले की इचारतो. मला काकू म्हणाल्या, तू लिहितोस ना, मग हे लिही, कुणाला ठाऊक असेल तर कळवेल.

"सोळा सोमवार करून आम्ही त्याला बोलावलं होतं. बोलावलेला निरोप दिल्याशिवाय जात नाही, असं हेच म्हणाले. त्याला तर जा असं कुणी म्हटलंच नाही. मग तो गेला कसा?"